पायथ्याशी एक पाटी लावा

प्रति,
विभागीय वन अधिकारी, बीड
पुरातत्त्व विभागाचे संबंधित अधिकारी
जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त, बीड
मुख्याधिकारी, माजलगाव व धारूर नगरपरिषद

विषय : बालाघाटच्या डोंगरांवर पाळीव कुत्री नेण्याबाबत स्पष्ट नियम जाहीर करणे.

महोदय,

माजलगावला पाणी आहे, डोंगर नाही. सिंदफणेवरचं धरण, काळी रानं, उसाचे फड अशी आमच्याकडची सपाट दुनिया. चढण बघायची तर तेलगाव मागे टाकून धारूरच्या घाटाला लागावं लागतं, नाहीतर मांजरसुंब्याकडे कपिलधारला जावं लागतं. या वाटांवर अलीकडे एक नवा वाटसरू दिसू लागलाय, तो म्हणजे पाळीव कुत्रा. पावसाळ्यातल्या रविवारी घाटात थांबलेल्या गाड्या बघा. मागच्या सीटवरून लॅब्रॅडॉर उतरतो, जर्मन शेफर्ड उतरतो, आमच्यासारख्यांचं साधं गावठी कुत्रंही उतरतं आणि माणसांच्या आधी दगड चढायला लागतं.

आमच्या घरचा काळ्या त्यातलाच. तरीही हे पत्र कुत्र्यांसाठी सवलत मागायला लिहिलेलं नाही आणि त्यांच्यावर सरसकट बंदी आणा असं सांगायलाही नाही. कुठे न्यायचं, कुठे नाही, कोणत्या दिवसांत आणि कशा रीतीनं, हे तुम्ही चार खात्यांनी मिळून ठरवा आणि मराठीत लिहून पायथ्याशी लावा, एवढंच मागणं आहे.

आज किल्ले धारूरच्या वाटेवर कुणालाही विचारा, ‘कुत्रं आत चालतं का?’ एक म्हणेल, ‘कोण अडवतंय?’ दुसरा म्हणेल, ‘बाहेर बांधलेलं बरं.’ तिसरा उलट आपल्यालाच विचारील, ‘चावतं का?’ या प्रश्नाचं उत्तर देणारी पाटी माझ्या तरी पाहण्यात नाही. महाप्रस्थानाच्या वेळी धर्मराजाबरोबर कुत्रा थेट स्वर्गाच्या दारापर्यंत गेला. तिथे इंद्रानं निदान समोर उभं राहून सांगितलं की, कुत्र्याला प्रवेश नाही. नियम तोंडावर सांगितला गेला म्हणूनच धर्मराजाला वाद घालता आला. आम्हाला वाद घालायलाही कुणी सापडत नाही.

नियम हवा, कारण डोंगर मोकळा दिसला तरी तो मोकळा नसतो. धारूरच्या कपारींत सीताफळाच्या झाडीखालून मेंढरांचे कळप हिंडतात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच बरड मुरमाड माळांच्या जोरावर. या माळावर धनगराचं कुत्रं कामावर असतं. आपलं कुत्रं सुटीवर आलेलं असतं. दोघांची गाठ पडली की काय होतं, ते मी पाहिलं आहे. कळप वळणावर दिसला तसा मेंढक्यानं लांबूनच हाळी दिली, ‘ओ दादा, कुत्रं धरा, गाभण मेंढ्या हायेत!’ काळ्या साखळीला होता म्हणून निभावलं. मोकळं कुत्रं मेंढ्यांमागे लागलं, तर बिथरलेली मेंढी कड्याकडे पळते, गाभण असेल तर गाभडते. तो तोटा मेंढक्यानं कुणाकडे मागायचा? रविवारची गाडी तोवर घाट उतरून गेलेली असते.

दुसरा रहिवासी मोर. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य आपल्याच जिल्ह्याचं भूषण. लांडोर अंडी घालते ती जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला, आणि तेही पावसाळ्याच्या दिवसांत. म्हणजे आम्हा हौशी मंडळींना ज्या महिन्यांत डोंगर हिरवा दिसतो, नेमक्या त्याच महिन्यांत. कुत्र्यानं अंडं खाल्लंच पाहिजे असं नाही. त्याच्या वासानं, भुंकण्यानं लांडोर उठली आणि बराच वेळ परतली नाही, तरी घरटं उघडं पडतं.

तिसऱ्याचं नाव आष्टीकरांना सांगावं लागत नाही. 2020 च्या नोव्हेंबरात त्या तालुक्यात बिबट्यानं माणसांचे बळी घेतले, तेव्हा अख्खा जिल्हा दिवेलागणीला दारं लावून बसत होता. बिबट्याला कुत्रा किती प्रिय, याचा हिशोब शेजारच्याच जिल्ह्यात झालेला आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या पोटात गेलेल्या एकूण भक्ष्याच्या वजनात 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. संध्याकाळी झुडपात मोकळं सोडलेलं कुत्रं स्वतःचा जीव तर धोक्यात घालतंच, शिवाय घाबरून पळत येतं ते मालकाच्याच पायाशी. मागून काय येतंय, याचा विचार मालकानं करावा.

आणि रोगराई. कुत्र्यांमधला डिस्टेंपर, पार्वो किंवा रेबीज कोल्हा-लांडग्याला वेगळं मानत नाही. लांडगा आणि कुत्रा किती जवळ आलेत ते पुण्याजवळच्या माळरानावर दिसलं. तिथे दोघांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून 2023 साली पुढे आलं. आपला बालाघाट त्याच जातीचा माळ आहे.

आता कुत्र्याच्या बाजूनंही बोलतो, कारण त्याला अर्ज करता येत नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजाच्या गाद्यांमधून. बाकीची उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच बाहेर पडते. बीडच्या उन्हात काळा खडक सकाळी दहा-अकरालाच तापायला लागतो. माणसाच्या पायात बूट असतात, त्याला पत्ता लागत नाही. कुत्रं मात्र एक पाय उचलतं, मग दुसरा, मग सावलीच्या पट्ट्यात जाऊन बसतं आणि कितीही ओढलं तरी उठत नाही. मालक म्हणतो, ‘आळशी झालाय.’ हाताची पालथी बाजू खडकावर सात-आठ सेकंद टेकवून बघावी. आपल्याला सोसवत नसेल, तर त्यालाही सोसवत नाही. लाळ चिकट झाली, जीभ गडद लाल पडली, चाल अडखळली, की तो चढ तिथेच संपवायचा आणि त्याला सावलीत नेऊन अंग भिजवायचं.

पावसाळा सरला की कुसळ तयार होतं. कुसळाचं टोक एका दिशेनं आत सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात, कानात शिरलं की जखम चिघळते. घरी आल्यावर पंजा उलटा करून बोट न् बोट फाकवून पाहावं लागतं आणि त्याच वेळी कानामागच्या गोचिडी काढाव्या लागतात. दगडांच्या फटीत फुरसं असतं, आणि कुत्रं नेमकं नाक घालतं ते फटीतच. यातली एकही गोष्ट लपवलेली नाही. पण पहिल्यांदा डोंगरावर येणाऱ्याला ती कुणी सांगत नाही.

कायदा आहे, फक्त तो पायथ्यापर्यंत पोहोचलेला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात शिरायलाच बंधनं आहेत. त्याच कायद्यातली ‘शिकारी’ची व्याख्या बंदुकीपुरती नाही. कुत्री सोडून जनावराचा पाठलाग करणंही तिच्यात बसतं. आपल्या शेजारी लातूर-नांदेड पट्ट्यात कारवानी आणि पश्मी ही सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. जात अभिमानाची आहे, पण तिच्यापुढे ससा उठला की तिला हाक ऐकू येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थांवर सोपवलं आहे. एवढं सगळं कागदावर असताना, साखळी धरून पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला मात्र यातलं काहीच दिसत नाही.

आणि प्रश्न वेळीच न सोडवण्याची किंमत काय असते, हे माजलगाव तालुक्याइतकं कुणाला ठाऊक आहे? 2021 च्या डिसेंबरात आमच्या लवूळ गावाचं नाव जगभरच्या बातम्यांत गेलं. माकडं कुत्र्यांची पिलं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती आणि ती पिलं मरत होती. माकडांनी बदला घेतला म्हणे! अडीचशे पिलांचा आकडा देशोदेशी छापून आला, मग त्या आकड्यावरच वाद झाला. शेवटी वनविभागाच्या पथकानं दोन माकडं पकडून नागपूरकडे नेली आणि बातमी थंडावली. गावातल्या मोकाट कुत्र्यांची पैदास, त्यांची नसबंदी, माकडांचा गावात वाढलेला वावर हे प्रश्न माकडांच्या पिंजऱ्याबरोबर नागपूरकडे गेले नाहीत. ते इथेच राहिले. डोंगरावर उद्या एखाद्या मुलाला कुत्रं चावलं, एखादा कळप कड्यावरून गेला, तर तसंच होईल. चार दिवस गाजावाजा, मग सरसकट बंदी, आणि ती बंदीही कुठे लिहिलेली नसेल.

तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात, ही विनंती.

1. धारूरचा किल्ला, धारूरचा घाट आणि कपिलधार या तीन ठिकाणी एकसारखी पाटी लावावी. कुत्रा साखळीवर हवा, साखळी दोन मीटरहून लांब नको, कळप दिसला की थांबून वाट द्यायची, विष्ठा उचलायची. चार ओळी पुरतात. किल्ल्याच्या आत कुत्रा चालणार नसेल, तर तेही स्पष्ट लिहावं.

2. नायगावसारख्या ठिकाणची मनाई दारात पोहोचल्यावर कळून उपयोग नाही. ती मुख्य रस्त्याच्या फाट्यावरच लिहावी. दारातून परत फिरवलेला माणूस कुत्र्याला गाडीत कोंडून आत जातो. बंद गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टी होते.

3. मार्च ते जून या काळात सकाळी नऊनंतर आणि सायंकाळी पाचच्या आत कुत्रा खडकावर न्यायला मनाई असावी. सूर्यास्तानंतर तर वर्षभर असावी.

4. लसीकरणाचा दाखला पाहिल्याशिवाय कुत्रा वर सोडू नये, पण आधी लस सहज मिळेल असं करावं. यासाठी एक तारीख आयती हाताशी आहे. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि धारूर, वडवणी, केजकडची हजारो उसतोड कुटुंबं कोयते घेऊन घर सोडतात. बैलगाडीखाली बांधलेलं त्यांचं कुत्रंही पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पोहोचतं. त्या आठवड्यात धारूर आणि माजलगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांनी शिबिर घेतलं, तर धनगराचं, उसतोड कामगाराचं आणि आमचं, तिन्ही कुत्री एका रांगेत येतील. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या, कुणाच्याच नसलेल्या कुत्र्यांनाही त्याच दिवशी टोचावं, कारण वाटेत पहिली झुंज त्यांच्याशीच होते.

5. पाटीवर दोन दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत हवेत. वनविभागाचा 1926 आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा 1962. दोन्हींत अंक तेच, फक्त 2 आणि 6 ची अदलाबदल. घाईत चुकायला एवढं पुरे, म्हणून कोणता कशासाठी हे शेजारी चित्रासकट दाखवावं. खाली एक ओळ असावी : चावा झाला तर जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस सहसा वाचत नाही, ही गोष्ट डोंगरावर आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे.

6. नियम मोडणाऱ्याला जागेवर दंड व्हावा आणि त्याची पावती मिळावी. समज देऊन सोडून देऊ नये, नाहीतर पुढच्या रविवारी तोच माणूस तसाच येतो.

यातलं काही महाग नाही आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. लागते ती एक बैठक. वनविभागाला वाटतं हा किल्ला पुरातत्त्वाचा, पुरातत्त्वाला वाटतं कुत्री नगरपरिषदेची, नगरपरिषदेला वाटतं लस पशुसंवर्धनाची, आणि पशुसंवर्धनाला वाटतं डोंगर वनविभागाचा, असा फेरा होऊ नये म्हणूनच हे पत्र चौघांना एकत्र लिहिलं आहे. एका खात्याचं पत्र दुसऱ्याकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ रवाना करण्याची वेळ येऊ देऊ नका.

आमच्याकडून एवढं सांगतो. पाटीचा मजकूर तुम्ही ठरवा. खांब, पत्रा आणि रंगासाठी आम्ही कुत्री पाळणारे वर्गणी काढू. पाटी लागल्यावर पहिला दंड आमच्यातल्याच कुणाला झाला, तरी ओळखी न काढता पावती घेऊ. फक्त नियम कोणता मोडला, ते आम्हाला त्या पाटीवर आधी वाचता आलेलं असावं.

आपला,
माजलगावचा एक रहिवासी