एक सेल, एक वायर, एक बल्ब

गेओर्ग ओहम कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. बाप कुलपे घडवणारा. हातातले कसब घरचेच. व्होल्टाच्या धर्तीवरच्या घटांतून धारा एकसारखी मिळेना, म्हणून १८२६ मध्ये त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडणी केली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातल्या या फरकातून मिळणारी धारा स्थिरावली. मग कमीजास्त लांबीच्या तारा जोडत, चुंबकसुई किती वळते ते मोजत तो विद्युतदाब, धारा आणि रोध यांना जोडणाऱ्या नियमापर्यंत पोचला. १८२७ मध्ये पुस्तक निघाले, पण कॉपली पदक मिळायला १८४१ उजाडले.

एका मास्तराने असा हातांनी मिळवलेला नियम आज भावी शिक्षकांना आयता मिळतो, तोही तीन अक्षरांच्या सूत्रात. ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या १९९७ च्या माहितीपटात एमआयटीचे नुकते पदवीधर झालेले तरुण एक सेल, एक वायर आणि एक बल्ब घेऊन चाचपडताना दिसतात. बल्बला दोन टोके असतात, एक बुडाशी आणि दुसरे आट्यांच्या कडेला. तिथेच घोडे अडते. दुसरी चूक याहून चिवट: ‘पहिला बल्ब वीज खातो, दुसऱ्याला उरलेली मिळते.’ एकसर जोडणीत दोन्ही सारखे बल्ब सारखेच उजळतात हे शिक्षकाने स्वतः पाहिले नसेल, तर वर्गातल्या मुलाचा गैरसमज तो कसा दूर करणार?

सिएटलच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक लिलियन मॅकडरमॉट यांनी शिक्षकांना सेल-बल्ब हाती देऊनच शिकवले. पुढे नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये संगणकावरच्या आभासी प्रयोगांचा ‘फेट’ प्रकल्प सुरू केला आणि तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन पडद्यावर दिसू लागले. सायप्रसमध्ये संशोधक झकारिया यांनी भावी प्राथमिक शिक्षकांसाठी खरी उपकरणे आणि पडद्यावरचे आभासी प्रयोग यांची सांगड घातली. २००७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: नुसत्या खऱ्या उपकरणांपेक्षा या जोडीने समज अधिक पक्की झाली.

म्हणून पडद्याला माझा विरोध नाही. वायरीतले जे डोळ्यांना कधीच दिसणार नाही, ते तोच दाखवतो. पण बी.एड.च्या प्रयोगशाळेला कुलूप घालून छात्राध्यापकांना व्हिडिओची लिंक पाठवायची आणि त्याला ‘मिश्र अध्ययन’ म्हणायचे, हे मला मान्य नाही. उतरलेला सेल, सैल सांधा, बोटाला चटका देणारी तार हे सारे उद्या त्यांच्याच वर्गात घडणार आहे. आधी अंदाज वहीत लिहू द्या, मग जोडणी करू द्या, आणि त्यानंतर पडदा उघडा. बल्ब लागला नाही तर पाच मिनिटे कुणीही उत्तर सांगू नका. कुणीतरी बल्ब उलटा करून त्याचे बूड नीट पाहीलच.