पदवी श्वसनाची, नोकरी कुठे?

रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वसन तंत्रज्ञ, व्हावे का, असे आमगाव किंवा सडक अर्जुनीच्या बारावी सायन्सच्या मुलीने विचारले, तर पटकन हो म्हणवत नाही. नाही म्हणणे त्याहून अवघड.

गरजेबद्दल वाद नाही. राइस मिलची धूळ, बिडीचा धूर, अजून पेटणाऱ्या चुली. फुप्फुसे बिघडायला गोंदिया जिल्ह्यात कारणांची वानवा नाही. २०१६ पासून इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, केटीएस आणि बाई गंगाबाई रुग्णालये त्याला जोडलेली आहेत. तरी रुग्ण अत्यवस्थ झाला की नातेवाइकांच्या तोंडी नागपूरच येते.

नुसत्या यंत्रांनी भागत नाही, हे कोरोनात दिसले. पीएम केअर्समधून आलेल्या व्हेंटिलेटरचा वाद मे २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. तक्रार यंत्रांच्या बिघाडाची होती. केंद्राने बोट दाखवले ते चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे. खरे-खोटे काहीही असो, व्हेंटिलेटरपाशी श्वसन तंत्रज्ञासारखा जाणकार माणूस लागतो एवढे तरी त्यातून पुढे आले.

आणि ही जाणकारी बारीक असते. श्वासनळीत घातलेल्या नळीचा फुगा २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबात ठेवायचा. दाब कमी पडला तर लाळ फुप्फुसात उतरते, जास्त झाला तर श्वासनळीच्या अस्तराचा रक्तपुरवठा अडतो. एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, रिपोर्ट वाचून, डॉक्टरांशी बोलून मशीनचे सेटिंग बदलायचे. रुग्ण सुधारला की अर्धा तास त्याच्याच श्वासावर ठेवून बघायचे, मग नळी काढायची. रात्रपाळी तर पाचवीलाच पुजलेली.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवे. पुढे इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षांची पदवी. २०२१ च्या कायद्याने या तंत्रज्ञांना अलाइड हेल्थच्या यादीत जागा दिली. पण कायद्यात नाव येणे वेगळे आणि सरकारी दवाखान्यात पद मंजूर होणे वेगळे. भरतीच्या जाहिरातीत अधिपरिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ सर्रास दिसतात. श्वसन तंत्रज्ञ क्वचित. म्हणजे पहिली नोकरी बहुधा नागपूर, पुणे किंवा हैदराबादच्या खासगी आयसीयूत. परदेशाचे गाजर दाखवणाऱ्यांना एक विचारावे: अमेरिकेत परवान्यासाठी तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची पदवी लागते, ती आपण देता का?

आमचे मत असे. चार-पाच वर्षे घराबाहेर राहायची तयारी असेल, तर ही वाट धरावी. स्पर्धा अजून कमी आहे. मात्र फी भरण्याआधी कॉलेजचे आयसीयू स्वतः बघून यावे. किती खाटा, किती व्हेंटिलेटर, शिकवणारा माणूस स्वतः हे काम करतो का, हे विचारायला लाजू नये. रुग्णालय नसलेल्या, वर्षभराच्या डिप्लोम्यात ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ देणाऱ्याच्या दारातूनच परतावे.

जिला घर सोडणे शक्य नाही, तिने बीएस्सी नर्सिंग करावे आणि आयसीयूत ड्युटी मागून घ्यावी. व्हेंटिलेटरशी ओळख तिथेही होते, शिवाय सरकारी पदाची आशा राहते. लोकप्रतिनिधींनी मात्र नव्या इमारतींच्या भूमिपूजनाबरोबर गोंदियाच्या महाविद्यालयासाठी श्वसन तंत्रज्ञांची चार पदे मागितली, तर या मुलींना इतका हिशेब मांडावा लागणार नाही.