कंदांचा हंगाम आणि श्रमदानाची कसोटी

वृक्षारोपण हा आपल्याकडे एका दिवसाचा सोहळा होऊन बसला आहे. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि जुलैचा पहिला आठवडा रोपांच्या नावे लागला. पुढे महाराष्ट्र शासनाने २०१६ साली २ कोटी, तर २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचे संकल्प सोडले. आणि या लागवडीचा हिशेब लावण्यासाठी २०२१ साली विधिमंडळाची समिती नेमावी लागली. हा इतिहास आम्ही उगाळतो तो कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. लावणे आणि जगवणे यांतील अंतर कशाने मिटेल, हा आमचा प्रश्न आहे. आणि त्याचे एक लहानसे उत्तर आम्हांस कंदांच्या लागवडीत दिसते.

बोरगाव मेघेसारखी वर्धा शहराला चिकटलेली गावे आता नावापुरती गावे उरली आहेत. शेते जाऊन तेथे लेआउट पडले, आणि मोकळी म्हणावी अशी जमीन सार्वजनिक उद्यानांत आणि टेकड्यांवरच राहिली. या परिसराचे भाग्य असे की, येथे नागरिकांनी स्वतःच्या घामाने झाडे वाढवली आहेत. आयटीआय टेकडीवर निसर्ग सेवा समितीने आणि हनुमान टेकडीवर वैद्यकीय जनजागृती मंचाने मुरमाड, उघड्या जमिनीवर सावली आणली, हे वर्धेकर जाणतात. २०२० साली वर्धा-सेवाग्राम मार्गावरील जुनी झाडे रस्ता रुंदीकरणासाठी पडू लागली, तेव्हा त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरलेली माणसेही येथलीच. तेव्हा येथे श्रमदान शिकवण्याची गरज नाही. गरज आहे ती श्रमदान वर्षभर टिकवण्याची.

वृक्ष-उद्यानात कंद लावण्याची कल्पना निघाली की पहिला आक्षेप ठरलेला असतो : येथे झाडांना पाणी पुरत नाही, तेथे फुलांचे चोचले कशाला? आम्हांस हा आक्षेप उलटा वाटतो. वर्ध्याचा मे महिना ४६ अंशांवर जातो. त्या उन्हात रोपाला दोन-तीन उन्हाळे टँकरचे पाणी लागते. रानहळद, सफेद मुसळी, कळलावी यांचे कंद मात्र त्या वेळी जमिनीखाली निजलेले असतात आणि काहीच मागत नाहीत. पहिल्या सरी पडताच ते उठतात. साग आणि पळस यांची पानगळ होऊन गेलेली असते, नवी पालवी पुरती दाटलेली नसते, आणि त्या मधल्या उजेडात कंदांना कोंब फुटून पाने पसरतात. झाडांशी त्यांचे भांडण नाही. झाडांनी मोकळ्या ठेवलेल्या काळात ते आपले वर्ष उरकून घेतात.

दुसरा मोह ट्युलिपचा. श्रीनगरला २००७ साली ट्युलिपची बाग खुली झाली, दिल्लीच्या रस्त्यांकडेला हिवाळ्यात नेदरलँड्सहून आणलेले कंद फुलतात, मग आमच्या गावी का नको, असे कोणी विचारते. ट्युलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. ती येथे शीतगृहात विकत घ्यावी लागेल. दरवर्षी नवे कंद आणून फेकून देण्याला लागवड म्हणता येत नाही, ती सजावट होय. युरोपात कंद शरद ऋतूत पुरतात म्हणून आपणही दिवाळीनंतर पुरावेत, हेही तसेच अनुकरण. आपला हंगाम रोहिणीचा आहे. मे महिन्याच्या अखेरीस, मृगापूर्वी, कंद जमिनीत गेला पाहिजे.

काळ्या जमिनीत पाणी साचून कंद कुजतो, म्हणून तेथे मुरूम आणि पालापाचोळ्याचे खत मिसळून वाफा थोडा उंच करावा. कंदाच्या उंचीच्या दुप्पट खोली पुरे. गुलछडी आणि पावसाळी लिली मूळच्या परदेशी, पण आता घरोघरच्या. त्या सहज मिळतात. कळलावी विषारी आहे, तिला मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवावे. आणि बोरच्या जंगलातून एकही कंद उकरून आणू नये : औषधाच्या नावाखाली सफेद मुसळी रानांतून आधीच ओरबाडली गेली आहे. रोपवाटिका आणि शेजाऱ्यांची परसे, एवढेच आपले भांडार असावे.

मात्र खरी कसोटी लागवडीनंतर लागते. दिवाळीच्या सुमारास पाने सुकतात आणि जागा ओसाड दिसते. मग कोणीतरी 'स्वच्छता' काढतो : गवत जाळले जाते, माती खरवडली जाते, नाहीतर तेथे फरशीचे ठोकळे बसतात. कंद उन्हाने मरत नाहीत, ते या विस्मरणाने मरतात. म्हणून आमची सूचना साधी आहे. लावलेल्या जागांचा कागदावर नकाशा असावा आणि जमिनीवर दगडांची कड असावी. आणि झाडलोट करणाऱ्या कामगारांना लागवडीच्या दिवशीच सोबत घ्यावे. बाग रोज पाहतात ती तीच माणसे, आणि त्यांनाच कोणी काही सांगत नाही.

पुरलेल्या कंदाचे छायाचित्र काढता येत नाही. त्यावर पाटी लावावी तर खाली माती तेवढी दिसते. मे महिन्याच्या पहाटे येऊन खड्डे खणणाऱ्याला लगेच काहीच मिळत नाही. सेवाग्राम आणि पवनारच्या या जिल्ह्यात शरीरश्रमाला व्रत मानले गेले, ते श्रमाच्या प्रदर्शनासाठी नव्हे. आम्हांस वाटते की, उद्यानाच्या स्वयंसेवकांची मोजणी जुलैतल्या गर्दीवरून न करता जानेवारीत, काहीच फुललेले नसताना, त्या उघड्या वाफ्याची राखण कोण करतो यावरून करावी. तिसऱ्या वर्षी दाटलेले कंद विभागून शेजारच्या गावाला देता आले, तर त्या बागेचे श्रमदान मुळावले असे खुशाल समजावे.