चौथी सीट

लोकलच्या गर्दीला शिव्या देण्यात आम्हा नवी मुंबईकरांचं अर्धं आयुष्य गेलं. आता त्यातल्या कित्येकांचं ऑफिस घरातल्या जेवणाच्या टेबलावर आलं आहे, आणि आम्ही एकमेकांना हळूच विचारतो, ‘तुम्हालाही आठवते का हो गाडी?’

कुर्ल्याचे धक्के कुणाला आठवत नाहीत. आठवतो तो मधला वेळ. घरातून निघालो आहोत, कामावर पोहोचलो नाही, असा तास-सव्वा तास. पनवेल ते सीएसएमटी अंतर सुमारे 49 किलोमीटर. शरीअतच्या हिशोबाने हा सफर ठरत नाही, नमाज कसर होत नाही. तरी गाडीत पाय ठेवताना सवारीची दुआ ओठांवर यायची. बेडरूममधून हॉलमध्ये जाताना ती कोण म्हणणार?

सिडकोची स्थापना 1970 ची. कल्पना अशी होती की इथे राहणाऱ्याला इथेच काम मिळेल, त्याला मुंबईला जावं लागणार नाही. पण 1973 साली वाशीचा खाडीपूल झाला आणि माणसं बसने पलीकडे जात राहिली. 9 मे 1992 पासून मानखुर्दहून रेल्वे वाशीला आली, मग तर विचारूच नका. पुढे ऐरोली, घणसोली, महापे इथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, 2004 मध्ये ठाणे–वाशी गाडी सुरू झाली, आणि उलट दिशेलाही गर्दी वाहू लागली. हे सगळं 22 मार्च 2020 च्या रात्री थांबलं. त्या ऑक्टोबरात महिलांना गाडीत परवानगी मिळाली, पण सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. नऊच्या नोकरीला त्याचा काय उपयोग? पुढे गाड्या पूर्ववत झाल्या, पण अनेक कंपन्यांनी काम घरीच ठेवलं.

यात भलंही झालं, ते नाकारू नये. ऑफिसात जुहरसाठी कोपरा शोधावा लागायचा, कॉन्फरन्स रूम रिकामी आहे का पाहावं लागायचं. आता जानमाज दोन पावलांवर आहे. पुरुषांना मोहल्ल्याच्या मशिदीत जमात मिळते. म्हाताऱ्या अब्बांना औषध वेळेवर मिळतं.

पण घरातल्या लेकी-सुनांना विचारा. लॅपटॉप उघडला तरी ती ‘घरीच तर आहे’. मीटिंग चालू असताना कुकरच्या शिट्ट्या तिनेच मोजायच्या, गॅसवरचं दूध तिनेच बघायचं, पाहुणे आले तर चहाही तिचाच. नवरा शेजारच्या खोलीत त्याच कामाला बसलेला असतो, त्याचं दार मात्र कुणी ढकलत नाही. ‘आवाज करू नका, भाईजानची मीटिंग आहे!’ लेडीज डब्यात तिला निदान कुणी भाजी गरम करायला सांगत नव्हतं. (भाजी निवडायची मात्र. मेथीची जुडी घेऊन बसणाऱ्या बायका हार्बरवर कमी नाहीत.) कुणी तस्बीह फिरवायची, कुणी मोबाईलवर सूरह यासीन वाचायची, कुणी खिडकीला डोकं टेकून झोपायची. पुलावर गाडी आली की वारा आत यायचा, ओहोटी असेल तर चिखलात फ्लेमिंगो दिसायचे.

आणखी एक गोष्ट आम्हाला अधिक बोचते. आपल्यातल्या अनेकांना घर शोधताना अनुभव आहे की नाव सांगितलं की दलाल म्हणतो, ‘मालकांना विचारून सांगतो.’ ते उत्तर मग येतच नाही. आपण आपल्या वस्तीत जातो, ते त्यांच्या सोसायटीत. गाडीत मात्र तीन जणींच्या बाकावर चौथी सीट मागताना कुणी नाव विचारत नाही. ‘सरका जरा’ म्हटलं की जागा होते. तिथेच ‘आज कितवा रोजा?’ विचारणारी भेटली. मगरिबच्या वेळी आमच्याआधी घड्याळ बघून खजुराचा डबा पुढे करणारीही तिथेच भेटली. दसऱ्याला डबा सजवायची वर्गणी आम्हीही दिली. या ओळखी कुठल्या सद्भावना सभेत झालेल्या नाहीत. रोज तीच गाडी, तोच दरवाजा, तेवढ्यावर झाल्या. घरून काम करणाऱ्या मुलीला आज ऑफिसची माणसं स्क्रीनवर दिसतात, तीही कामापुरती. बाकी दिवसभर ती आपल्याच लोकांत. आमच्यातले काही म्हणतात, बरंच झालं, मुली सुरक्षित राहिल्या. आम्हाला हे पटत नाही. आपल्याला ओळखणारी माणसं शहरात जितकी कमी, तितकी आपली सुरक्षितता कमी.

आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला बोलावलं तर मुलींना जाऊ द्या, ‘घरूनच कर ना’ म्हणून अडवू नका. उरलेल्या दिवशी काम संपल्यावर तिला स्वयंपाकघरात हाक मारण्याआधी अर्धा तास सोडा. सीवूड्सच्या एका घरात सुनेने असरनंतर लॅपटॉप बंद करून अर्धा तास खाली फेऱ्या मारायला सुरुवात केली. सासूबाई आधी कुरकुरल्या, आता त्याही चप्पल घालून तयार असतात. सुनेला एकटीलाच चालायचं होतं, हा भाग वेगळा.

गाडीच्या दोस्तणींचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे, नाव तेच, ‘साडेआठची फास्ट’. हार्बरवर फास्ट गाडी नसते, तो आमचा जुना विनोद. गेल्या रमजानात त्यातल्या चौघी इफ्तारला घरी आल्या. सोफा तिघींचा होता. चौथी म्हणाली, ‘सरका जरा.’