खुंटीवरची ढोलकी

जयंतीच्या महिन्यात वस्तीवस्तीत गायन पार्ट्यांच्या तालमी सुरू होतात. पेटी असते, गळा असतो, कोरसला पोरे असतात. अडते ते ढोलकीपाशी. मग बाहेरून वादक आणायचा आणि त्याच्या बिदागीसाठी वर्गणी काढायची. अशा वेळी चाळिशी ओलांडलेले काही कामगार बांधव आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या काही भगिनीही मनाशी ठरवतात, आपणच शिकूया की! बुद्धपौर्णिमेला ढोलकी घरात येते आणि आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागेपर्यंत तीच ढोलकी खुंटीला टांगलेली दिसते. असे का होते, आणि खुंटीवरची ढोलकी पुन्हा मांडीवर कशी यावी, याचा विचार आज आम्ही करणार आहोत.

सुरुवातीचे दिवस गोड असतात. दादरा सहा मात्रांचा, केरवा आठ मात्रांचा. 'धा धी ना, धा ती ना' आणि 'धा गे ना ती, न क धी न' हे बोल आठवड्याभरात तोंडपाठ होतात. पुष्कळशी गाणी या दोन ठेक्यांवर निभावतात, म्हणून वाटते की झालेच आपले काम! पण दोन-तीन महिन्यांनी गाडी अडते. लय वाढवली की डावा हात मागे पडतो, समेवर येता येता बोल सांडतो. पंधरा-पंधरा दिवस तेच ते. मग शिकणारा स्वतःलाच म्हणतो, वय झाले, हात लाकडाचे झाले, हे आपले काम नव्हे.

बांधवांनो, इथेच थांबून नीट पाहावे. माणसाचा कान हाताच्या आधी शिकतो. पहिल्या महिन्यात चुका होतच होत्या, पण त्या ऐकू येत नव्हत्या. आता कान तयार झाला म्हणून त्या ऐकू येतात आणि वाढल्यासारख्या वाटतात. दुसरी गोष्ट पावसाची. दमट हवेत कातडे सैल पडते, आवाज उतरतो, बोल बसका निघतो. नवा वादक समजतो की आपला हात बिघडला. ढोलकी दोरीची असेल तर कड्या सरकवून, नट-बोल्टची असेल तर पान्याने, जाणत्या माणसाकडून स्वरात लावून घ्यावी. ती ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. अर्धी निराशा तिथेच जाईल.

आता राहिला वेळेचा प्रश्न. पाळी करून, लोकलची गर्दी सोसून आलेल्या माणसाने दोन तास रियाज करावा असे आम्ही म्हणणार नाही. रविवारी एकदम तीन तास बडवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे अधिक गुण देतात. हाताने गिरवलेली हालचाल झोपेत मेंदूत पक्की होते, असे संशोधक सांगतात. म्हणून काल न जमलेला बोल आज सकाळी अचानक जमतो. शेजाऱ्यांना त्रास नको तर ढोलकीच्या तोंडावर टॉवेल घालावा, नाहीतर घडी घातलेल्या गोधडीवर हात चालवावा. स्वयंपाक करताना, गाडीची वाट पाहताना तोंडाने बोल म्हणावेत. जो बोल तोंडात नाही तो हातात येत नाही. आणि अडेल तिथे लय निम्मी करावी. सावकाश वाजवण्यात कमीपणा नाही, घाई केली तर चूकच हाताला बसते.

आणखी एक सोपा उपाय आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला आपला ठेका मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा. तीन महिन्यांनी जुना आणि नवा लागोपाठ ऐकावा. रोजच्या रोज आरशात मूल वाढलेले दिसत नाही, पण जुना फोटो काढला की दिसते. तसेच हे आहे.

उमेदीबद्दल तथागतांनी सांगितलेली गोष्ट तर वाद्याचीच आहे. विनयपिटकात आणि अंगुत्तर निकायात सोण भिक्खूची हकीकत येते. श्रीमंत घरचा हा तरुण. चंक्रमण करताना त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी मनासारखे फळ मिळेना. परत घरी जावे, असा विचार त्याच्या मनात आला. घरी असताना तो वीणा उत्तम वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले की तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? फार ढिल्या सोडल्या तर वाजते काय? दोन्हींना त्याचे उत्तर 'नाही' असे होते. तारा योग्य मापात लावल्या तरच सूर लागतो, आणि उद्योगाचेही तसेच आहे, हे त्याला उमगले. पहिल्या महिन्यात बोटे सुजेपर्यंत बडवायचे आणि चौथ्या महिन्यात ढोलकीकडे पाहायचेही नाही, या दोन टोकांमध्ये राहणाऱ्यालाच वाद्य येते.

वय झाले म्हणणाऱ्यांनी लोककवी वामनदादा कर्डक यांना आठवावे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस. बालपणी शाळा नशिबी नव्हती. मुंबईत कष्ट करीत असताना तरुणपणी ते अक्षर ओळखायला शिकले, दुकानांच्या पाट्या वाचून वाचन पक्के केले. 1943 साली पहिले गीत लिहिले आणि 2004 साली जाईपर्यंत ते गात-लिहीत राहिले.

भगिनींसाठी एक उदाहरण बिहारचे आहे. पाटण्याजवळ दानापूर भागात ढिबरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतमजूर दलित भगिनींनी 2016 च्या सुमारास आपले बँड पथक उभे केले. 2006 साली पद्मश्री मिळालेल्या सुधा वर्गीज यांच्या 'नारी गुंजन' संस्थेने त्यांना हात दिला. बायकांनी कधी ढोल वाजवायचा असतो काय, म्हणून लोक हसले, घरातूनही विरोध झाला. काहीजणी मध्येच सोडून गेल्या. ज्या टिकल्या त्या एकत्र शिकल्या म्हणून टिकल्या. पुढे लग्नसमारंभांत त्यांना मानाने बोलावणे येऊ लागले, आणि शेतमजुरीच्या मानाने बरी मिळकतही हाती आली.

यात आमच्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. गावगाड्यात वाद्य कोणी वाजवायचे हे जन्माने ठरत असे, आणि वाजवणारा मांडवाबाहेर बसे. तामिळनाडूत पराई हे वाद्य मयताला वाजवणे दलितांवर लादलेले होते. तेच पराई आज तरुण मुले-मुली आपखुशीने, ताठ मानेने शिकतात. लादलेले काम फेकून देण्यात स्वाभिमान आहे, आणि स्वतः निवडलेली कला मन लावून शिकण्यातही तोच स्वाभिमान आहे. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी जलसे उभे केले ते याच बळावर.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. एकट्याने झुरत बसू नका. वस्तीतले तिघे-चौघे मिळून शिका. एक सोपे गीत निवडा, साधा ठेका धरा आणि येत्या पौर्णिमेला विहारात किंवा समाजमंदिरात ते वाजवा. तुकडे, उठाण, लग्गी पुढे येईल. आपल्या ठेक्यावर चार माणसे गाऊ लागली की उमेद कुठून आणायची हा प्रश्न उरत नाही. आणि घरातली पोरे हे सारे पाहत असतात. दमून आलेला बाप, राबून आलेली आई रोज पंधरा मिनिटे काही नवे शिकते आहे, चुकते आहे, पुन्हा बसते आहे, हे पाहिलेल्या पोराला अभ्यासाला बस म्हणून वेगळे सांगावे लागत नाही.

तेव्हा आज रात्री जेवणे झाली की ढोलकी खुंटीवरून खाली काढा. धूळ पुसा. जय भीम!