जुना संगणक चालेल, जुना ब्राउझर नको!

वस्तीतल्या अभ्यासिकेत बहुतेक संगणक कुणीतरी वापरून दिलेले असतात. विंडोज त्यांना झेपत नाही, म्हणून एखादा कार्यकर्ता हलकी लिनक्स प्रणाली टाकून देतो. आमच्याकडेही तेच. २ जीबी रॅम आणि अँटीएक्स १९. या आवृत्तीला मारिएल फ्रँको यांचं नाव आहे. रिओ दि जानेरोच्या या कृष्णवर्णीय नगरसेविकेची २०१८ साली हत्या झाली. नाव अभिमानाचं, पण नुसत्या नावाने संगणक सुरक्षित राहत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलेल्या मुलीसमोर पान कोरंच उघडलं. लगेच निकाल लागला, "डबा झालाय, भंगारात द्या!" हा निकाल साफ चुकीचा होता. दोष यंत्राचा नव्हता, ब्राउझरचा होता.

अँटीएक्स १९ ही डेबियन १० वर उभी आहे आणि डेबियन १० चा दीर्घकालीन पाठिंबा जून २०२४ मध्ये संपला. त्यानंतर अपडेट कितीही दाबा, नवा ब्राउझर येत नाही. आणि त्याच ब्राउझरमध्ये आपली मुलं आधार क्रमांक, बँक खातं, पासवर्ड टाकतात. पान उघडत नाही ही छोटी अडचण. उघडलेलं पान सुरक्षित नाही, ही मोठी.

मग करायचं काय? टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत द्या. प्रोसेसर ६४ बिट आहे का ते कळेल. अनेकदा यंत्र ६४ बिट असतं आणि प्रणाली मात्र ३२ बिट टाकलेली असते. यंत्र आणि प्रणाली दोन्ही ६४ बिट असतील तर मोझिलाच्या अधिकृत संकेतस्थळावरून फायरफॉक्स उतरवा, स्वतःच्या होम फोल्डरमध्ये उघडा आणि आतली 'फायरफॉक्स' फाईल चालवा. तो पुढे स्वतःच अद्ययावत होत राहतो. पण ही मलमपट्टी आहे. खरा इलाज म्हणजे फायलींची प्रत काढून, पेनड्राइव्हवरून नवी अँटीएक्स टाकणं.

यंत्रच ३२ बिट असेल तर? क्रोमने त्या लिनक्सला २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून सोडलं. असं यंत्र टायपिंगला ठेवा, अर्ज त्यावर भरू नका.

काही जण म्हणतील, "आपण जुन्यावरच का भागवायचं? नवे संगणक मागा!" जरूर मागू. पण अर्जाची शेवटची तारीख आपल्या मागणीसाठी थांबत नाही. शिवाय विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कार्यालयांतून निघालेली ती यंत्रं उद्या आपल्याच अभ्यासिकांत येणार आहेत.

प्रश्न यंत्राचा कमी, माहितीचा जास्त आहे. आज हे काम एकाच 'जाणकारा'ला येतं आणि तो गावाला गेला की अभ्यासिका बंद पडते. ज्ञान एकाच्या हाती अडकलं की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. या रविवारी दोन मुलामुलींना हे काम स्वतःच्या हाताने करायला लावा. आपण फक्त शेजारी बसायचं.