बियाणेच दळून खाणार काय?

२०२० साली भुवनेश्वर येथे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांना प्रारंभ झाला आणि देशभरातील विद्यापीठांना पदकांचे वेध लागले. भारतीय हॉकी संघाने २०२१ मध्ये टोकियोत व २०२४ मध्ये पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकल्याने महाविद्यालयीन हॉकीविषयीच्या आशाही पल्लवित झाल्या आहेत. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांसाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठानेही ही वाट धरावी, यात वावगे काही नाही. प्रश्न इतकाच की, ही वाट सुरू कोठून होते? महाविद्यालयाच्या दारातून, की खेड्यातील शाळेच्या अंगणातून?

अठराव्या वर्षी प्रथमच हॉकीची काठी हाती घेणारा तरुण सहसा अव्वल खेळाडू होत नाही. म्हणजे संघ उभारू पाहणाऱ्या महाविद्यालयाची नजर भामरागड, एटापल्ली, जिवतीकडील शाळांवर जाणार. चपळ मुलगा हेरायचा, शहरातील वसतिगृहात आणायचा आणि विजयफलकावर नाव मात्र महाविद्यालयाचे झळकवायचे! जेमतेम अकरा खेळाडू जमविणाऱ्या लहान शाळेतून तिघे गेले की संघ मोडतो. संघ मोडला की पुढच्या वर्षी हेरण्याजोगे कुणी उरत नाही. पेरणीचे बियाणेच दळून खाण्याचा हा प्रकार होय.

‘मुलाचे भले होते आहे, मग शाळेची चिंता कशाला?’ असा युक्तिवाद केला जाईल. एकाचे भले झाले. त्याच्यामागून येणाऱ्या दहांचे काय?

कायद्यानेही लहान शाळेला वाऱ्यावरच सोडले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत १०० हून अधिक विद्यार्थी असतील, तरच शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक बंधनकारक आहे. विरळ वस्तीच्या अरण्यप्रदेशात इतका पट किती शाळांना गाठता येणार? उणीव गुणवत्तेची नाही. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच जनजातीय विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

ओडिशातील सुंदरगड जिल्हाही असाच वनाच्छादित, जनजातीबहुल. तेथे विजेत्या संघाला बोकड देणारे गावोगावचे सामने आधी रुजले. पानपोषचे क्रीडा वसतिगृह, राउरकेलाची अकादमी नंतर आली. २०२३ च्या विश्वचषकासाठी राउरकेलात भव्य बिरसा मुंडा स्टेडियम उभे राहिले, ते सर्वांत शेवटी. दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास हे दोघेही याच जिल्ह्यातील सौनामारा या एका गावचे. पाया आधी, कळस नंतर!

उपाय अवाक्याबाहेरचा नाही. पाच खेळाडूंच्या हॉकीचा पहिला विश्वचषक २०२४ मध्ये मस्कतला झाला व भारतीय महिलांनी त्यात रौप्यपदक मिळविले. पाच जणांचा संघ चाळीस पटाच्या शाळेलाही उभारता येईल. सरावाला मातीचे अंगण पुरेल. विद्यापीठाने तालुकानिहाय शालेय स्पर्धा भरवाव्यात, महाविद्यालयांनी आपले खेळाडू शिकविण्यासाठी शाळांत धाडावेत आणि प्रत्येक पदकाच्या श्रेयात खेळाडूच्या मूळ शाळेचे नाव व निधीतील वाटा असावा. ज्या महाविद्यालयाला शाळेला काही द्यावयाचे नाही, त्याला तिचा खेळाडू नेण्याचा नैतिक अधिकार कोणता?